लस पुण्याची, मग आपला वाटा एवढासाच का?



जून २०२५ मध्ये ब्रसेल्सला ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय लस संघटनेसाठी निधी उभारणारी परिषद झाली. २०२६ ते २०३० साठी १,१९० कोटी डॉलर हवे होते. आश्वासनं मिळाली ९०० कोटींच्या आसपास. अमेरिकेने तर हातच आखडता घेतला. यावर आपल्याकडे जो तो विचारतो, ‘आपलीच पोरं लसीवाचून राहतात, मग परदेशाला पैसे कशाला?’ त्याचं उत्तर द्यायला हवं.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या दिवसांत धुळीचे वारे सुटले की मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिन्जायटिसची साथ येई. १९९६-९७ मध्ये अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार दगावले. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांचं मागणं एवढंच होतं की लसीचा डोस अर्ध्या डॉलरच्या आत मिळावा. त्या भावात बड्या कंपन्यांना रस नव्हता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ही लस बनवण्याचं काम अंगावर घेतलं. तंत्र अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आलं, पैसा गेट्स फाउंडेशनकडून. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि त्याच महिन्यात एक कोटीहून अधिक लोकांना लस टोचून झाली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात, ही लस ज्यासाठी होती त्या ‘ए’ प्रकारच्या मेनिन्जायटिसचा रुग्ण आढळलेला नाही.

हे नुसत्या स्वस्त कुपीने साधलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात मी बरीच वर्षं लसींचा साठा सांभाळला आहे. कुपीवर एक गोल असतो, त्याच्या आत छोटा चौकोन. उष्णता लागत जाईल तसा चौकोन गडद होतो. गोलाच्या रंगाला आला की कुपी बाद, मग बाहेर आया पोरांना घेऊन कितीही वेळ ताटकळलेल्या असोत. मेनिन्जायटिसच्या या लसीला २०१२ मध्ये ४० अंशांपर्यंत चार दिवस बर्फाविना नेण्याची मुभा मिळाली. बेनिनसारख्या आफ्रिकी देशातल्या परिचारिकांच्या डोक्यावरचा केवढा भार त्याने उतरला असेल, हे मला नीट कळतं. पण बहुतेक लसींना ती सोय नाही. निधी आटला की कात्री लागते ती फ्रीज, बर्फाचे डबे, गाडीचं डिझेल आणि सेविकांच्या भत्त्याला.

आता घरच्या मुलांबद्दल. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराने लहान मुलं गेली. लस आफ्रिकेला पाठवली म्हणून तिथे तुटवडा पडला होता का? मुळीच नाही. डोस चुकलेल्या मुलांच्या दारापर्यंत कोणी वेळेत पोचलं नाही. त्यासाठी महापालिकेला आणि राज्य सरकारला धारेवर धरा, मीही तुमच्याबरोबर आहे. त्याचं खापर गावीच्या वर्गणीवर फोडू नका. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकॉकल लसी आपल्या सरकारी कार्यक्रमात आल्या, त्यात गावीचा पैसा होता. आपण घेतलं आहे, भरपूर घेतलं आहे.

आणि दिलं किती? २०२० मध्ये भारताने पाच वर्षांसाठी दीड कोटी डॉलर जाहीर केले. एवढ्या मोठ्या देशाला, जगाला लस पुरवणाऱ्या देशाला, हा आकडा शोभत नाही. तो निदान दहापट व्हावा. कुणा कंपनीच्या विक्रीसाठी मी हे मागत नाही. म्हणूनच वाढीव रक्कम लसखरेदीऐवजी शीतसाखळी, म्हणजे लस थंड ठेवून पोचवण्याची व्यवस्था, आणि सेविकांच्या मानधनासाठी राखून ठेवण्याची अट सरकारने घालावी. महाराष्ट्रातून ४८ खासदार लोकसभेत जातात. त्यांच्यापैकी कोणी तरी येत्या अधिवेशनात हा प्रश्न लेखी विचारावा.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा