दुसऱ्या टोकाला कोणीतरी हवे
कपिल देव यांना खुले पत्र

मा. कपिल देव,
अध्यक्ष, प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया



मी एसटीतून निवृत्त झालेला हिशेबनीस, राहणार पुणे. माझा भाचा व्यावसायिक गोल्फ खेळतो. मुख्य टूरचे कार्ड अजून हाती आलेले नाही, म्हणून गेला हंगाम त्याने खालच्या पायरीवर, फीडर टूरवर काढला. त्या हंगामाचा जमाखर्च मी एका दोनशे पानी वहीत लिहीत गेलो. ती वही मिटवून ठेवता येईना, म्हणून हे पत्र.

वहीची खर्चाची बाजू भरगच्च आहे. प्रवेश फी, रेल्वेचे तिकीट, लॉजचे भाडे, सरावफेरी, कॅडीची मजुरी, चेंडू, हातमोजे, झिजलेल्या ग्रिप. जमेची बाजू मात्र पानामागून पान कोरी. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर कट लागतो. त्यात बसला नाही, तर खेळाडू रिकाम्या हाताने परततो. एकदा तो एकाच फटक्याने राहिला. शेवटच्या ग्रीनवर जेमतेम चार फुटांचा पट होता, चेंडू होलच्या कडेवरून फिरून बाहेर आला. रात्री फोनवर त्या पटबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, “मामा, पुढच्या स्पर्धेला नेहमीचा कॅडी नेऊ, की तिथलाच कोणी घेऊ?”

पट हुकला, याची तक्रार मी करणार नाही. खेळ आहे, हरणे त्यात आलेच. पण हरण्याचा खर्च कोणाला किती दिवस सोसवतो, यावर कोण टिकणार हे ठरू लागले, की तो खेळाचा निकाल राहत नाही. भाच्याचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, एका गोल्फ कोर्सवर माळीकाम करायचे. त्यामुळे आमच्या घरी शिव चौरसियांचे नाव आदराने घेतले जाते. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीन राखणाऱ्याचा हा मुलगा २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, पुढे २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ इंडियन ओपन. त्याआधी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हेही कॅडीच्या कामातूनच वर आले. आपल्या गोल्फची मुळे क्लबच्या दिवाणखान्याइतकीच कॅडींच्या बाकावरही आहेत, हे तुमच्यासारख्या जाणत्याला मी काय सांगावे?

या खेळात संधी उशिरा येते, आणि येते ती अचानक. अमेरिकेत १९९० मध्ये बेन होगन टूर या नावाने फीडर टूर सुरू झाली. आजची कॉर्न फेरी टूर ती हीच. पहिल्याच हंगामात जॉन डॅली तिथे एक स्पर्धा जिंकला. पुढच्या वर्षी पीजीए चॅम्पियनशिपच्या राखीव यादीत तो नववा होता. बाकीचे गळाले, तो रातोरात गाडी हाकत पोहोचला आणि स्पर्धा जिंकून गेला. आपल्या पुण्याच्या उदयन मानेचेच पाहा. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि उदयन टोकियो ऑलिंपिकला गेला. जागा रिकामी झाली त्या दिवशी हे दोघेही रांगेत उभे होते, हे महत्त्वाचे. रांग सोडून घरी गेलेल्याला कोणी हाक मारत नाही. फीडर टूरने खेळाडूला त्या रांगेत उभे राहण्याचे बळ द्यायला हवे.

म्हणून तीन मागण्या करतो.

एक : फीडर टूरवर कट चुकलेल्या खेळाडूला परतीचा प्रवास आणि मुक्काम निघेल इतकी ठरावीक रक्कम द्यावी. ही काही जगावेगळी मागणी नाही. २०२२-२३ च्या हंगामापासून अमेरिकेच्या पीजीए टूरने पूर्ण कार्ड नसलेल्या सभासदांना, कट चुकला तरी, दर स्पर्धेमागे ५,००० डॉलर देण्याचे ठरवले. आपल्याकडे त्याचा अगदी लहान अंशही पुष्कळांना तारून नेईल.

दोन : एकाच भागातल्या स्पर्धा शक्यतो लागोपाठ ठेवाव्यात आणि तारखा लवकर कळाव्यात. दोन महिने आधी काढलेले रेल्वेचे तिकीट आणि आयत्या वेळी काढलेले विमानाचे तिकीट यांतला फरक माझ्या वहीत ठळक दिसतो.

तीन : फीडर टूरच्या खेळाडूंना आपापल्या शहरातल्या कोर्सवर सवलतीत सराव मिळावा, यासाठी क्लबांकडे तुम्ही स्वतः शब्द टाकावा. ज्या गवतावर वडिलांनी उभा जन्म पाणी मारले, त्याच गवतावर सरावाला जाताना माझा भाचा फाटकाशी अवघडून उभा राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. नाव कोणाचेच घेत नाही.

कपिलजी, १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी दैना झाली असताना तुम्ही नाबाद १७५ धावा काढल्यात. सारे जग ती खेळी सांगते. मला त्या दिवशीचे सय्यद किरमाणीही आठवतात. आठ गडी बाद झाल्यावर ते आले, नाबाद २४ धावा केल्या आणि तुमच्याबरोबर नवव्या गड्यासाठी १२६ धावांची अभंग भागी केली. दुसरे टोक त्यांनी धरून ठेवले नसते, तर तुमच्या बॅटला तरी वेळ कुठून मिळाला असता?

गोल्फमध्ये दुसरे टोक नसते. पोरगा एकटा खेळतो, एकटा चुकतो, आणि चुकल्यावर एकटाच स्टेशनवर येऊन बसतो. ते टोक तुमच्या संस्थेने धरावे. धावा तो काढील.

नव्या हंगामासाठी मी नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर त्याचे नाव लिहिले आहे. जमेची बाजू तुमच्या उत्तरासाठी मोकळी ठेवली आहे.

आपला नम्र,
एका फीडर टूर खेळाडूचा मामा
पुणे