आवाजाची सरासरी

सरासरी काढणे हे गणितातील अगदी सोपे काम समजले जाते. सर्व आकड्यांची बेरीज करावी, आकडे जितके असतील तितक्यांनी तिला भागावे, की सरासरी मिळाली. उंची, वजन, परीक्षेतील गुण या सर्वांना ही रीत लागू पडते. ती आवाजालाही लागू पडेल, असे कोणासही वाटावे. परंतु तसे होत नाही. आणि तसे होते असे मानल्यामुळे एखादी खरी तक्रारही खोटी ठरू शकते.

आवाज मोजणारे ॲप हल्ली मोबाइलवर सहज मिळते. समजा, एका वस्तीत घराजवळ ध्वनिक्षेपक लावलेला आहे. अभ्यासाला बसलेल्या मुलीने ॲप सुरू करून तासभर आवाज मोजला. पन्नास मिनिटे तो ५० डेसिबल होता. उरलेली दहा मिनिटे ध्वनिक्षेपक वाजला, तेव्हा तो ८० वर गेला. दर दहा मिनिटांचा एक, असे सहा आकडे तिने वहीत लिहिले. त्यांची बेरीज ३३० आणि सरासरी ५५. ध्वनिप्रदूषणाविषयी केंद्र सरकारने २००० साली केलेल्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा नेमकी ५५ डेसिबलच आहे. म्हणजे तक्रारीला जागाच उरली नाही! वास्तविक त्या दहा मिनिटांत घरातल्या माणसांना एकमेकांशी ओरडून बोलावे लागत होते.

मुलीची बेरीज चुकलेली नाही आणि भागाकारही बरोबर आहे. चूक आहे ती डेसिबलचा स्वभाव न ओळखण्यात. माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कानाला असह्य होणारा आवाज यांच्या ऊर्जेत सुमारे एक लक्ष कोटी पटींचे अंतर आहे. एवढ्या मोठ्या संख्या दरवेळी कोण लिहीत बसणार? म्हणून शास्त्रज्ञांनी एकं, दहं, शतं, सहस्र या चढत्या स्थानांसारखी एक पट्टी तयार केली आणि टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून तिच्या एककाला ‘बेल’ हे नाव दिले. डेसिबल हा त्याचा दहावा भाग. या पट्टीवर १० डेसिबल वाढले की ऊर्जा दसपट होते, २० वाढले की शंभरपट, ३० वाढले की हजारपट. थोडक्यात, डेसिबलचा आकडा रक्कम सांगत नाही, रकमेवरची शून्ये सांगतो.

आता शून्यांची सरासरी काढून कसे चालेल? एकाजवळ १ रुपया आहे आणि दुसऱ्याजवळ १०,००० रुपये. पहिल्याच्या रकमेत शून्य नाही, दुसऱ्याच्या रकमेत चार आहेत. सरासरी दोन शून्ये, म्हणजे १०० रुपये. प्रत्यक्षात त्या दोघांची सरासरी पाच हजारांच्या घरात जाते. आवाजाचा हिशेबही असाच रकमेवरून केला पाहिजे. ५० डेसिबलची ऊर्जा १ भाग धरली, तर ८० डेसिबलची १,००० भाग होते. सहा आकड्यांचे मिळून १,००५ भाग झाले. त्यांना सहाने भागले की सुमारे १६७ येतात. १०० भाग म्हणजे ७० डेसिबल आणि २०० भाग म्हणजे ७३. तेव्हा त्या तासाची खरी सरासरी ७२ डेसिबल ठरते. मर्यादेच्या आत दिसणारा तास मर्यादेच्या कितीतरी वर गेला! नियमांतही ऊर्जेवरून काढलेली सरासरीच अभिप्रेत आहे. चांगल्या ॲपमध्ये ती ‘एलईक्यू’ या नावाने आपोआप मिळते. वहीतील भागाकारापेक्षा तोच आकडा घ्यावा, हे उत्तम.

तथापि ही सरासरीही डोळे झाकून स्वीकारण्याजोगी नाही. ती किती वेळाची आहे, हे कळल्यावाचून तिला अर्थ नसतो. तीच दहा मिनिटे सकाळी सहा ते रात्री दहा या सोळा तासांत मिसळली, तर सरासरी ७२ वरून ६१ वर उतरते. ध्वनिक्षेपक तोच, कर्कशपणाही तोच! म्हणून आकड्याशेजारी वेळ न लिहिणाऱ्याचा हिशेब अपुराच समजला पाहिजे.

मोबाइलच्या मायक्रोफोनचीही एक अडचण आहे. तो मुख्यतः बोलण्यासाठी बनविलेला असतो. तो सतत ५ डेसिबल कमी दाखवीत असेल, तर हजार वेळा मोजूनही सरासरी ५ डेसिबलने कमीच येईल. खऱ्या ध्वनिमापकाला मोजणीपूर्वी ठराविक, बहुधा ९४ डेसिबलचा, आवाज ऐकवून तपासून घेतात. घरच्या मोबाइलची अशी तपासणी सहसा होत नाही. त्यामुळे काल आणि आज, किंवा खिडकी उघडी आणि बंद, अशी तुलना करण्यास तो उपयोगी पडतो. पुरावा म्हणून मात्र तपासलेले यंत्रच हवे.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण त्या आठ तासांत आजारी माणसाची झोप किती वेळा मोडली, हे कोणतीच सरासरी सांगू शकत नाही. त्यासाठी सर्वांत मोठा आवाज किती होता आणि तो किती वाजता झाला, एवढे दोन आकडे वहीत वेगळे लिहावे लागतात.