मालकी बदलली, थकबाकीचे काय?

भिलाईच्या पॉवर हाउस स्टेशनजवळचा कैंप-१ रेल्वेतील साथींना ठाऊक आहे. पोलाद कारखाना उभारायला आलेल्या मजुरांची ही छावणी. १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली, मजूर मात्र तिथेच राहिले.

असे कारखाने बांधण्यासाठी केंद्र सरकारने १९६४ साली हिंदुस्थान स्टीलवर्क्स कन्स्ट्रक्शन ही कंपनी काढली. बोकारो तिने बांधले. भिलाईच्या विस्तारातही तिचे कामगार राबले. पुढे कंपनी तोट्यात रुतली आणि स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने माणसे कमी केली गेली. (स्वेच्छा कोणाची, हे विचारायचे नाही!) २०१७ मध्ये तिचे ५१ टक्के भाग एन.बी.सी.सी.कडे गेले, ४९ टक्के केंद्राकडे राहिले. फाइल पोलाद मंत्रालयातून नगरविकास मंत्रालयात गेली.

नवा मालकही सरकारीच, असे सांगितले जाते. खरे आहे. पण त्या मालकाचेच भाग २०१२ पासून शेअरबाजारात आहेत. रेल्वेच्या इरकॉनचे २०१८ मध्ये तेच झाले. टपाल खात्यातील साथींनीही हे ध्यानात घ्यावे.

कंपनी हातबदल होताना भागांच्या किमतीबरोबर कामगारांच्या थकबाकीची यादीही करारास जोडली पाहिजे, आणि तीत ठेकेदारांकडील मजुरांची नावे असली पाहिजेत, ही आमची मागणी आहे.