शंभर पुस्तकांची यादी आणि झाडीतले मूल

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्याकडे याद्यांचा हंगाम सुरू होतो. 'मुलांनी वाचलीच पाहिजेत अशी पन्नास पुस्तके', 'किशोरांसाठी निवडक शंभर'. या याद्या सद्भावनेने केलेल्या असतात आणि त्यांतील बहुतेक पुस्तके खरोखरच चांगली असतात. आमचे भांडण पुस्तकांशी नाही. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे मूल उभे असते, त्या मुलाशीही नाही. भांडण आहे ते या एकाच मुलाला 'मराठी मूल' म्हणण्याच्या सवयीशी.

हे मूल कोण? त्याला सुटी असते आणि सुटीत रिकामा वेळ असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत मार्च-एप्रिल हा मोहफुले वेचण्याचा काळ आणि मे हा तेंदूपानांचा. त्या दिवसांत पहाटेपासून अख्खे घर रानात असते आणि मूलही घरासोबत असते. भामरागडकडच्या मुलाला सवड मिळते ती पावसाळ्यात. पर्लकोटेला पूर येऊन पूल पाण्याखाली जातो, वाट बंद होते, तेव्हा. म्हणजे 'सुटीतले वाचन' या दोन शब्दांतच या मुलाला यादीबाहेर ठेवलेले असते. पुस्तकांची नावे तर पुढची गोष्ट.

आता नावे पाहू. साने गुरुजींची 'श्यामची आई' कोकणातली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पण त्याची सायकल धावते ती पुण्याच्या रस्त्यांवर. ताम्हनकरांचा गोट्या पांढरपेशा घरातला. ही पुस्तके यादीतून काढा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. एटापल्लीच्या मुलीने फास्टर फेणे वाचावा आणि तिला पुण्याची गल्ली दिसावी, यात आनंदच आहे. आमचा प्रश्न उलट बाजूचा आहे. पुण्याच्या मुलाने एटापल्ली कोणत्या पुस्तकात पाहावी? आणि एटापल्लीच्या मुलीने स्वतःला कोणत्या पुस्तकात पाहावे?

यावर ठरलेले उत्तर येते: 'जंगल बुक' आहे ना! किपलिंगच्या या कथा १८९४ आणि १८९५ साली पुस्तकरूपाने आल्या, मराठीत त्यांची अनेक रूपांतरे झाली आणि मोगली आपल्या घराघरांत पोचला. त्या कथांतले सिवनीचे रान म्हणजे गोंडांचा मुलूख. पण त्या रानात गोंड किती आहेत? दुसऱ्या भागातल्या एका कथेत गाव ओसाड होण्याच्या बेतात असताना गावकरी जवळच्या गोंडांच्या म्होरक्याला बोलावतात. तो येतो, जणू अपशकुन दाखवून जातो. त्याचे घर, त्याची मुले, त्याची भाषा यांचा मागमूस नाही. ज्याचे जंगल, तोच त्या कथेत पाहुणा. कथा म्हणून ती थोर असेल; पण तिला 'जंगलातल्या मुलांची कथा' म्हणून या मुलांच्या हाती देणे ही थट्टा आहे. आणि वाघ? ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत वाघ हे साहसकथेतले पात्र नव्हे. सकाळी मोह वेचायला गेलेली आई परत येईपर्यंत घराला लागलेला तो घोर आहे. ज्यांच्या गावात वाघाने माणूस मारला आहे, त्या मुलांना 'शेरखान'चे रंगीत चित्र देताना यादीकर्त्याने क्षणभर तरी थांबायला हवे.

आमच्यावर आक्षेप घेतला जाईल, आणि तो वजनदार आहे. पुस्तक म्हणजे आरसा नव्हे, खिडकी आहे; जंगलातल्या मुलाला जंगलाचीच पुस्तके देणे म्हणजे त्याला पुन्हा जंगलातच कोंडणे. हे आम्हांला मान्य आहे. पण ज्या मुलाला जन्मभर केवळ दुसऱ्यांच्या खिडक्यांतून पाहायला लावले जाते, ते हळूहळू असे समजू लागते की पुस्तके होतात ती इतरांच्या जगाची. आपले जग पुस्तकाच्या लायकीचे नाही. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात छापलेला नसतो आणि तोच सर्वांत पक्का बसतो. शहरी मुलाला आरसा आणि खिडकी दोन्ही मिळतात. आम्ही मागतो आहोत ते एवढेच.

म्हणून, केवळ तक्रार करून न थांबता, आमची लहानशी यादी मांडतो, तिच्या उणिवांसह.

मारुती चितमपल्ली यांची 'रानवाटा' आणि 'जंगलाचं देणं' चौदा-पंधराव्या वर्षांपासून पुढे वाचावीत. २०२५ साली निवर्तलेल्या या वनाधिकाऱ्याने नवेगाव बांधचे तळे आणि झाडीचे पक्षी मराठीत आणले, आणि आपले कितीतरी ज्ञान रानातल्या माणसांकडून घेतले. भाषा मात्र संस्कृतप्रचुर आहे. मोठ्याने वाचून दाखवणारे कोणी सोबत हवे. डॉ. राणी बंग यांचे 'गोईण' हे गडचिरोलीतल्या स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते सांगणारे पुस्तक. ज्या मुलीला शाळेत सांगितले जाते की तुझ्या आजीला काही येत नाही, तिच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. आजीला काय काय येते ते तिथे छापून आले आहे. हेमलकशाच्या प्राण्यांविषयीचे विलास मनोहर यांचे 'नेगल' दहा वर्षांच्या मुलालाही रमवील. त्यांचीच कादंबरी 'एका नक्षलवाद्याचा जन्म' सोळा वर्षांनंतर वाचायची. असे पुस्तक कोवळ्या हाती द्यावे काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही विचारतो: ज्या मुलांनी गावात बंदुका पाहिल्या, त्यांच्यापासून बंदुकीची गोष्ट लपवून कोणाचे कोवळेपण जपले जाणार आहे?

प्रकाश आमटे यांचे 'प्रकाशवाटा'ही वाचावे, पण एक सावधगिरी बाळगून. १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाविषयी आम्हांला आदर आहे. तरीही अशा पुस्तकांची रचनाच अशी असते की कर्ता बाहेरून येतो आणि माडिया माणूस त्याच्या दारी येतो तो प्रामुख्याने रुग्ण म्हणून. त्यावर उतारा म्हणून लगेच मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' द्यावे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवले, एकमताने निर्णय घेतले, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हाती घेतला. इथे गाव कोणाच्या उपकाराचा विषय नाही. कर्ता गावच आहे. याच लेखकाची 'शाळा' प्रत्येक यादीत असते, हे पुस्तक जवळजवळ कोठेच नसते. यावरून आपल्या याद्या कोणत्या खिडकीत बसून होतात ते कळावे.

आणि खिडक्याही हव्यातच. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' माणदेशातली. पण मुले येत नसलेल्या शाळेत आलेला कोवळा मास्तर गडचिरोलीच्या मुलाला परका वाटणार नाही. 'तोत्तोचान' जपानची, पण सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून आश्रमशाळेत आलेल्या मुलाला, शाळा अशीही असू शकते हे कळणे ही लहान गोष्ट नव्हे. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके. आणि १९७१ पासून निघणारे 'किशोर', ज्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत.

यादीतली सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे. वर सांगितलेले प्रत्येक पुस्तक प्रमाण मराठीत आहे, आणि ज्या मुलांविषयी आपण बोलतो आहोत त्यांतल्या अनेकांच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, उरलेल्यांच्या घरी झाडीबोली. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला 'पाणी' म्हणायला लावण्यात जेवढा उत्साह खर्च होतो, त्याचा दहावा भाग त्याच्या बोलीत गोष्ट सांगण्यात खर्च झाला असता तर वाचनाचा प्रश्न कधीच सुटला असता. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या सुमारे तीस लाख होती. तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतः सुरू केली, आणि २०२२ साली तिला ती अनधिकृत असल्याची नोटीस मिळाली. मुलांना वाचनाची गोडी नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी या नोटिशीवर कधी हळहळावे.

गोडी नाही, हेही खोटेच. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या मंडपांत रात्रभर नाटके चालतात आणि मुले आईच्या मांडीवर पेंगत, जागत पहाटेपर्यंत ती पाहतात. गोष्टीची भूक आहे. ताटात काय वाढायचे ते वाढणाऱ्यांना सुचलेले नाही.

तेव्हा आमच्या मागण्या तीन. यादी करणाऱ्याने ती कोणत्या मुलासाठी आहे हे वर लिहावे. 'मराठी मुलांसाठी' हे पुरेसे नाही. गावाने आपल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी, ताडोबाला ज्याचे नाव मिळाले त्या तारूच्या गोष्टीपासून सुरुवात करून, त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात आणि वहीच्या रूपात का होईना शाळेत ठेवाव्यात. आणि पेसा गावांना २०१५ पासून जो अबंध निधी मिळतो, त्यातला लहानसा वाटा ग्रामसभेने पुस्तकांवर खर्च करावा, पण पुस्तके निवडताना मुलांना विचारावे.

सुरजागडच्या डोंगराला खाण लागली, रस्ते रुंद झाले, लोखंड बाहेर जाऊ लागले. त्या रस्त्याने आत येणाऱ्या मालात पुस्तके किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. आजच्या मुलांच्या हाती स्वतःचे जग मांडणारी भाषा आली नाही, तर उद्या या जिल्ह्यांची गोष्ट पुन्हा बाहेरूनच लिहून येईल, आणि आपण ती कौतुकाने पुढच्या यादीत घालू.