पीक कापायला आलेले फोटोग्राफर

सप्टेंबर अर्धा सरला की बॉस्टनच्या आसपासच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो : ‘यंदा पीक कधी आहे?’ प्रश्न अर्थातच झाडांचे रंग ऐन भरात कधी येणार याबद्दलचा असतो, शेतातल्या पिकाबद्दलचा नाही. पण देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात आणि मला ही गंमत फार खरी वाटते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणाऱ्या लाँग वीकएंडला न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये किंवा शेजारच्या व्हरमाँटमध्ये जे चालतं, ती कापणीच असते. उभं पीक, मोजके दिवस, आणि विळ्याच्या जागी ट्रायपॉड.

हौशी माणसांशी माझं भांडण नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना लाल मेपलखाली उभं करून कुणी फोटो काढत असेल, तर तो फोटो पुढे वीस वर्षं पाहिला जाणार आहे, त्यात रंग फाटलेत की जुळलेत हे कोण बघतो? माझं भांडण शिकवणाऱ्यांशी आहे. ‘फॉल कलर्समध्ये लँडस्केप फोटोग्राफी शिका’ असं म्हणत ज्या सहली, कार्यशाळा, व्हिडिओ दर वर्षी विकले जातात, त्यांत शिकवली जाते ती फोटोग्राफी नसते. ते पत्ते असतात. कुठे उभं राहायचं, किती वाजता पोचायचं, कोणती लेन्स लावायची. पत्ता सांगणं हे पोस्टमनचं काम आहे, आणि तो ते बरंच स्वस्तात करतो.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी पैसे भरून गेले होते. बारा विद्यार्थी, एक व्हॅन, सहा ठिकाणं. पहाटे अंधारात डोक्याला दिवे बांधून आम्ही फ्रँकोनिया नॉचमधल्या आर्टिस्ट्स ब्लफवर चढलो. खाली एको लेक, समोर रस्त्याचं वळण आणि दोन्हीकडे डोंगर. दृश्य देखणंच आहे, प्रश्न तो नाही. वर आमच्याआधी दुसरा एक गट येऊन बसला होता आणि ट्रायपॉडचे पाय एकमेकांत अडकत होते. शिक्षकांनी प्रत्येकाच्या कॅमेऱ्यावर तेच आकडे लावून दिले : एफ ११, आयएसओ १००. एका बाईंनी विचारलं, ‘ती पिवळी झाडं कोणती आणि ही लाल कोणती?’ उत्तर मिळालं, ‘त्यानं फरक पडत नाही, लाल डावीकडे राहू द्या.’ मग सगळ्यांनी लाल डावीकडे ठेवलं. संध्याकाळी लॅपटॉपवर बारा जणांचे फोटो पाहताना कुठला कुणाचा हे फक्त फाइलच्या नावावरून कळत होतं.

फरक पडतो. सगळा फरक तिथूनच पडतो. मेपलचा लाल आणि बर्चचा पिवळा हे दोन रंग दोन वेगळ्या वाटांनी आलेले असतात. बर्चचा पिवळा उन्हाळाभर पानात असतोच, फक्त हरितद्रव्यामागे दडलेला असतो. दिवस लहान झाले, झाडानं हरितद्रव्य बनवणं थांबवलं की तो उघडा पडतो. मेपलचा लाल शरदात नव्यानं तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. त्याला स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण गोठवणारी थंडी नसलेल्या रात्री लागतात. म्हणून पिवळा जवळपास दर वर्षी भरवशाचा आणि लाल लहरी. हे ज्याला माहीत आहे तो आठवडाभराचं हवामान पाहून ठरवतो की यंदा मेपलच्या मागे लागावं की बर्चच्या. (आपल्या सह्याद्रीत कुसुंब मार्चमध्ये असाच लालभडक होतो, पण तिथे तो लाल नव्या पालवीचा असतो. रंगद्रव्य त्याच कुळातलं, ऋतू उलटा. हे कळल्यापासून मला दोन्हीकडचे डोंगर वेगळे दिसायला लागले. कुठल्याच कार्यशाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं.)

आणि ‘पीक’ नावाची एक तारीख असते, हेच मुळात थोतांड आहे. पर्यटन खात्यांचे नकाशे आठवड्या-आठवड्याला रंग बदलतात, ते हॉटेलवाल्यांच्या सोयीसाठी ठीक आहेत. डोंगर नकाशाप्रमाणे चालत नाही. रंग उत्तरेकडून दक्षिणेला आणि वरून खाली उतरत येतो. एकाच उतारावर वर काळपट स्प्रूस आणि फर, त्यांच्या खाली बर्चचा पिवळा पट्टा, आणि पायथ्याशी मेपल अजून हिरवे, असं दृश्य सप्टेंबरच्या शेवटी दिसतं. दोन आठवड्यांनी वरचे बर्च बोडके झालेले असतात आणि पायथा पेटलेला असतो. त्यानंतर ओक तांबूस होतात. ऑक्टोबर संपताना दलदलीतले टॅमरॅक सोनेरी होतात; सूचीपर्णी असूनही पानं झाडणारं हे झाड, पण तोवर व्हॅन परत गेलेल्या असतात. बीच वृक्षाची कोवळी झाडं तर वाळलेली फिकी पानं हिवाळाभर धरून ठेवतात. ज्याला शिकायचंय त्याला हा एक उतार पाच-सहा आठवडे पुरतो. सहा ठिकाणं दोन दिवसांत उरकणाऱ्याला तो एकदाही दिसत नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो : ‘एवढी सवड कुणाला आहे? वर्षाची सुट्टी भारतात जाण्यात संपते, हाती एक लाँग वीकएंड.’ आक्षेप खरा आहे, मी स्वतः त्यातलीच. पण मग त्याच वीकएंडमध्ये सहा ठिकाणं कशाला? एकच ओढा धरा. सकाळी एकदा, दुपारी एकदा, पाऊस आला तर पावसात एकदा जा. सवड कमी असणं हे एका जागी थांबण्याच्या बाजूचं कारण आहे, पळत सुटण्याच्या बाजूचं नाही.

पावसात जा म्हणाले ते मुद्दाम. कार्यशाळेत दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तर आम्हाला हॉटेलच्या तळघरात बसवून संगणकावरचं एडिटिंग शिकवलं गेलं. बाहेर या ऋतूतला सगळ्यात चांगला प्रकाश पडलेला होता! ढगाळ हवेत सावल्या मऊ होतात, जंगलाच्या आत कॅमेऱ्याला झेपेल इतकाच उजेड-अंधाराचा फरक उरतो, ओल्या खोडांचा काळा रंग पानांना उठाव देतो. ओल्या पानावर आभाळाची पांढुरकी चकाकी बसते आणि खालचा रंग झाकते. पोलरायझर फिरवा, चकाकी जाते, रंग वर येतो. हे काम नंतर संगणकावर करता येत नाही, कारण जो रंग कॅमेऱ्यात शिरलाच नाही तो मागून आणणार कुठून? निळ्या आभाळाखाली रुंद लेन्सवर तोच पोलरायझर मात्र आभाळाचा एक भाग गडद आणि एक फिका करून ठेवतो. सगळ्यांच्या लेन्सवर तो सरसकट चढवून देणाऱ्या शिक्षकाला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे.

लाल रंगाचं दुखणं आणखी वेगळं. कॅमेऱ्याचा सरसकट हिस्टोग्राम ठीकठाक दिसत असतो आणि आतला एकटा लाल केव्हाच भांडं भरून वाहून गेलेला असतो. मग पानाच्या शिरा, कडा, कीड लागलेली भोकं, सगळं जाऊन एक सपाट लाल डाग उरतो. उपाय साधा आहे : तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे पाहायचे आणि एक्स्पोजर कमी करायचं. पण तळघरात आम्हाला शिकवलं गेलं ते उलटं, सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे सरकवा. आधीच वाहून चाललेल्या भांड्यात आणखी ओतायचं. अशा फोटोंना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अगदी पेंटिंगसारखं!’ अशी दाद येते. चित्रकारांनी यावर अब्रुनुकसानीचा दावा लावायला हरकत नाही.

रंगात फोटो कसा काढावा हे ज्याच्याकडून शिकावं असा माणूस याच भागात काम करून गेला. एलियट पोर्टर शिक्षणानं डॉक्टर. हार्वर्डमधलं काम सोडून तो फोटोग्राफीकडे वळला. १९६२ साली सिएरा क्लबनं काढलेल्या त्याच्या पुस्तकात थोरोचे उतारे आणि समोर त्याची रंगीत छायाचित्रं, ऋतूंच्या क्रमानं. त्यातली बरीचशी न्यू इंग्लंडची. क्षितिज, सूर्योदय, तळ्यातलं प्रतिबिंब यांच्या मागे तो फारसा लागत नाही. हात-दोन हात जमीन, खोडांची रांग, ओढ्यातली पानं. ती जागा कुठली हे कळत नाही आणि कळावंसंही वाटत नाही. याच्या उलट टोकाला अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स : १९५८ साली न्यू मेक्सिकोत शरदातले अ‍ॅस्पेन त्यानं टिपले ते कृष्णधवल. गडद जंगलापुढे उजळलेली पानं आणि खोडं. पिवळा रंग काढून घेतल्यावर जे उरतं ते बघायची ज्याची तयारी आहे, त्यालाच पिवळ्याचं काय करायचं ते कळतं. नवशिक्यांना मी सांगते, एक अख्खा दिवस कॅमेऱ्याचा पडदा कृष्णधवलवर ठेवा. पहिला तासभर चिडचिड होते.

पत्ते वाटण्याची किंमत तिथे राहणाऱ्यांनाही मोजावी लागते. व्हरमाँटमधल्या पॉमफ्रेट नावाच्या छोट्या गावात क्लाउडलँड रोडवर एक खाजगी शेतघर आहे. वळणाची वाट, टेकडीच्या कुशीत घर, मागे मेपल. त्याचा फोटो समाजमाध्यमांवर इतका फिरला की मोसमात त्या अरुंद रस्त्यावरून रुग्णवाहिका कशी जाणार, याची गावाला काळजी पडली. लोक कुंपण ओलांडून आत शिरायला लागले. शेवटी २०२३ मध्ये २३ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर गावानं तो रस्ता बाहेरच्यांसाठी बंद केला. यावर मी ऐकलेली फोटोग्राफर मंडळींची प्रतिक्रिया अशी होती : ‘मग आता तसंच दुसरं कुठलं आहे?’ गाव ज्यांनी बंद करायला लावलं ते बेशिस्त लोक आणि आपण कलावंत, अशी समजूत. पण तोच फोटो घ्यायला निघालेल्या दोघांत फरक एवढाच, की एकाचा ट्रायपॉड महाग आहे.

आणि मग ती ‘अस्पर्श निसर्गा’ची भानगड. आमच्या शिक्षकांचा एक नियम होता : चौकटीत तार नको, रस्ता नको, दगडी भिंत नको, माणूस तर नकोच. राहिलीच तार तर नंतर पुसून टाका. या डोंगरांच्या बाबतीत याइतकं खोटं काही नाही. एकोणिसाव्या शतकात व्हरमाँटचे उतार मेंढ्यांसाठी साफ केले गेले होते, आणि व्हाइट माउंटन्समध्ये लाकूड कंपन्यांनी डोंगरच्या डोंगर सोलले, मागे राहिलेल्या काटक्यांना आगी लागल्या. त्या उघड्या डोंगरांमुळे १९११ चा वीक्स कायदा आला, सरकारनं जमिनी विकत घेतल्या आणि १९१८ मध्ये व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन झालं. आज ज्या पिवळ्या पट्ट्यासाठी गर्दी होते, त्यातले कितीतरी बर्च जळालेल्या, तोडलेल्या उतारांवरच्या उघड्या उन्हात उगवलेल्या पिढीचे आहेत.

कँकमॅगस हायवेवर लिंकन गावाच्या जवळ लिंकन वूड्स नावाची सपाट, सरळ पायवाट आहे. सरळ आहे कारण ती लाकूड वाहणाऱ्या रेल्वेची वाट होती. रुळांखालचे लाकडी स्लीपर अजून जमिनीत रुतलेले आहेत, चालताना पायाला लागतात, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मधल्या खाचांत पिवळी पानं साचतात. आमची व्हॅन तिथून दोनदा गेली. थांबली नाही, तिथे म्हणे ‘व्ह्यू’ नाही.

आता पुन्हा ग्रुपवर प्रश्न येईल, आणि मला थेट मेसेज येतील, ‘तू जातेस ना, एखादी कमी गर्दीची जागा सांग.’ मी जागा सांगत नाही. नोव्हेंबरचा पहिला शनिवार सांगते. पानं गळून गेल्यावरच्या या दिवसांना व्हरमाँटचे लोक ‘स्टिक सीझन’ म्हणतात, काटक्यांचा मोसम. हॉटेलं निम्म्या दरात मिळतात, रस्ते रिकामे असतात. बोडक्या जंगलात मेंढपाळांच्या दगडी भिंती पार वरपर्यंत चढत गेलेल्या दिसतात, घरांच्या पायाचे खड्डे दिसतात, आणि त्या सगळ्या करड्यात बीचची फिकट पानं एकटीच हलत असतात. गेल्या वर्षी दोघं आले. त्यातल्या एकानं दिवसभरात अकरा फोटो काढले, आणि परतीच्या वाटेवर गाडीत मला विचारलं, त्या भिंती इतक्या वर कुणी आणि कशासाठी बांधल्या असतील.