सातबारा त्याचा, वाट गावाची



पुणं वाढतंय. 1997 साली महापालिकेनं 38 गावं पोटात घेतली. नाशिक रस्त्यानं मोशी, चाकण, राजगुरुनगर करत शहर आपल्याकडं सरकतंय. "विकास येतोय, रस्ते येतायत," असं आपल्याला सांगतात. आम्ही विचारतो, कसले रस्ते?

पुण्याच्या जुन्या पेठांत गल्लीला गल्ली मिळते. एक बंद असली तर दुसरीनं पायी निघता येतं. शहराच्या कडेला नवं झालंय ते बघा. हमरस्त्यावरून एक फाटा, फाट्यावर गेट, गेटवर वॉचमन, आणि आतला रस्ता भिंतीला जाऊन संपतो. शेजारच्या सोसायटीत जायचं तरी परत हमरस्त्यावर यायचं. म्हणून गाडी लागते. गाड्या वाढल्या की रस्ता रुंद करायचा, आणि त्याला जमीन पुन्हा शेतकऱ्याचीच!

आपल्या वाटा तशा नाहीत. वाडीवरून वाडीला, पाणवठ्याला, हिरड्याच्या रानाला, बाजाराला, अशा जाळ्यासारख्या एकीत एक गुंतलेल्या. डिंभ्याच्या, माणिकडोहच्या पाण्यात त्यातल्या कित्येक बुडाल्या. समोर दिसणाऱ्या गावाला वळसा घालून जाणं काय असतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आता उरलेल्या वाटांवर तारेचं कुंपण येतंय. फार्महाऊसवाला म्हणतो, "सातबारा माझा आहे."

असेल. वाट त्याची नाही! 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 प्रमाणे वहिवाटीच्या वाटेतला अडथळा काढायचा अधिकार तहसीलदाराला आहे. पण दावा अडवल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो. "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत दिवस काढतात, ते उगाच नाही. वाडीच्या रस्त्यात जंगल आडवं येत असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) आहे. जमीन एक हेक्टरच्या आत, तोडायची झाडं हेक्टरी 75 पर्यंत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. "जंगलखातं देत नाही" ऐकून माघारी फिरू नका.

तेव्हा गावनकाशा काढा. तुटक रेषांनी दाखवलेल्या गाडीवाटा, पायवाटा म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन चालून बघा. नकाशात नसलेल्या लिहून काढा. ग्रामसभेत ठराव करा. कुंपण पडलं की एकट्यानं भांडू नका, सगळ्यांनी मिळून दावा लावा.

आम्ही रस्त्याच्या विरोधात नाही. वाडीत एसटी यावी, बाळंतिणीला दवाखाना गाठता यावा, हे आमचंच मागणं आहे. पण प्लॉटच्या गेटपर्यंत डांबर आणि पुढं वाडीला चिखल, असल्या रस्त्याला आम्ही विकास म्हणणार नाही.