पाच मतांचा खासदार

पौषी पौर्णिमा तोंडावर आली की म्हशाच्या यात्रेच्या माळावर बैल उतरण्याआधी फलक उतरतात, ही तक्रार या सदराच्या वाचकांनी मजकडून यापूर्वीही ऐकली आहे. परंतु यंदा एस. टी.च्या निवाऱ्यास, मुरबाडकडून येणारी गाडी ज्या बाजूने दिसते नेमकी तीच बाजू झाकून, जो अवाढव्य फलक बांधला गेला त्याने माझ्या सहनशीलतेची परिसीमा झाली. त्यावर यात्रेकरूंचे हार्दिक स्वागत आहे, स्वागत करणाऱ्याची सुहास्य मुद्रा आहे, आणि त्या मुद्रेखाली ‘प्रचंड मताधिक्याने विजयी’ अशी अक्षरे आहेत. हे प्रचंड मताधिक्य किती, ते घोंगडीवाल्यापासून बैलांच्या दलालापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. त्या मताधिक्याइतके मतदार एका बैलगाडीत बसून घरी गेले असते आणि तरी गाडीत कडब्याला जागा उरली असती.

मताधिक्य अल्प असण्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या वाडीत सासूचे मत एकीकडे आणि सुनेचे दुसरीकडे पडण्याची परंपरा जुनी असल्यामुळे एका उंबरठ्यावर निवडणूक फिरते, हे मी जाणतो. शिवाय, पाच मतांनी निवडून आलेल्या एका गृहस्थाविषयी माझ्या मनात जेवढा आदर आहे तेवढा लाखांनी निवडून आलेल्या कित्येकांविषयी नाही. ते गृहस्थ म्हणजे दादाभाई नौरोजी.

त्यांची हकीकत थोडक्यात आटोपतो. जन्म १८२५, एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, पुढे व्यापारानिमित्त विलायतेत वास्तव्य, मध्यंतरी बडोद्याची दिवाणगिरी. १८८६ मध्ये होलबर्नमधून पार्लमेंटची निवडणूक हरले. काळ्या माणसास इंग्रज मतदार अद्याप निवडून देणार नाहीत, अशा अर्थाचे उद्गार १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी काढले, आणि त्यामुळे दादाभाईंचे नाव इंग्लंडभर झाले. १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते लिबरल पक्षातर्फे पाच मतांनी निवडून आले व १८९५ मध्ये पराभूत झाले.  

पार्लमेंटातल्या या तीन वर्षांत दादाभाईंनी काय केले, असा प्रश्न मला एका तरुणाने त्याच फलकाखाली उभा असता विचारला. सनदी नोकरीच्या परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्याव्यात असा ठराव १८९३ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये संमत झाला, त्यामागे त्यांची खटपट होती, आणि सरकारने तो बासनात बांधून ठेवला, हे मी त्यास सांगितले. त्याने विचारले, ‘म्हणजे काम झालंच नाही ना, काका?’ मला राग आला, परंतु उत्तर सुचले नाही. ते उत्तर, मला वाटते, त्यांच्या हिशेबात आहे. गणिताचा हा प्राध्यापक सरकारचेच अहवाल पुढे घेऊन बसला, पीक व भाव यांचा गुणाकार केला, माणशी भागाकार केला आणि हिंदी मनुष्याचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये येते असे दाखवून दिले. मग तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा सरकारी खर्च त्याच्या शेजारी मांडला, तेव्हा कैदीच सुखवस्तू ठरला. स्वतंत्र रयतेपेक्षा कैद्यास अधिक मिळते हे सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध झाल्यावर सरकारने रागवावयाचे तरी कोणावर?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फलकवाल्यांच्या कानी गेलेली बरी. त्या काळी पार्लमेंटच्या सभासदास वेतन नव्हते. ते १९११ पासून सुरू झाले. म्हणजे निवडणूक स्वखर्चाने लढवावी, निवडून आल्यावर पोटही स्वखर्चानेच भरावे, आणि भांडावे मात्र ज्यांना त्या निवडणुकीत मतच नाही अशा सातासमुद्रापलीकडच्या कोट्यवधींसाठी. फिन्सबरीतल्या मतदारांत घड्याळे व दागिने घडविणारे कारागीर पुष्कळ. त्यांना हिंदुस्थानच्या शेतसाऱ्याशी काय कर्तव्य असणार!

परंतु मला या माणसाचे खरे आश्चर्य वाटते ते त्याच्या पत्रव्यवहाराचे. आलेले पत्र, बिल, पावती, काही न टाकता त्यांनी जपले, आणि ते हजारो कागद आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. विलायतेस शिकावयास गेलेल्या मुलांवर नजर ठेवावी म्हणून पालक लिहीत, पैसे संपलेले विद्यार्थी उसनवारीसाठी लिहीत, नोकरीसाठी शिफारस मागणारे लिहीत. आणि ज्यांनी त्यांना मत दिले नव्हते, देणे शक्यही नव्हते, त्या लोकांसाठी हा वृद्ध गृहस्थ टपाल हाताळीत बसे.

आता माझे पाहा. गावाबाहेरची मोरी गेल्या पावसाळ्यात एका बाजूने खचली, त्यावरून बैलांची गाडी नेताना धुरेवर बसलेल्यास जीव मुठीत धरावा लागतो, आणि यात्रेची गर्दी त्याच वाटेने यावयाची आहे. तेव्हा मी एका लोकप्रतिनिधीकडे रीतसर अर्ज केला. उत्तर नाही. स्मरणपत्र लिहिले, उत्तर नाही. मग दोन मैल चालत त्यांच्या कचेरीत गेलो, तर तेथील मुलाने अत्यंत अदबीने मला बसविले, चहा पाजला, आणि साहेबांबरोबर फोटो काढावयाचा असल्यास शुक्रवारी यावे असे सांगितले. अर्जाविषयी विचारता त्याने टेबलाचा खण उघडला. आत निमंत्रणपत्रिका होत्या, लाडूंची रिकामी पेटी होती, फलकाच्या मापाचा कागदही होता. अर्ज नव्हता.

परवा नवा अर्ज लिहून स्पीड पोस्टाने पाठविला आहे. पोस्टमास्तर म्हणाले, ‘अहो, कचेरी समोरच दिसते की, हातीच द्या ना!’ मी पावती मागून घेतली.